सहा घरांची मर्यादा : स्पर्धेतल्या रिव्हॉल्व्हरची निवड आणि बेतणी

१८९६ साली अथेन्समध्ये आधुनिक ऑलिंपिक स्पर्धा पहिल्यांदा भरल्या, तेव्हा बोस्टनचे जॉन पेन आणि समनर पेन हे दोघे भाऊ आपापली रिव्हॉल्व्हरे घेऊन तेथे उतरले होते. पंचवीस मीटरवरच्या लष्करी पिस्तुलाच्या स्पर्धेत जॉन ४४२ गुण मिळवून पहिला आला आणि समनर ३८० गुणांनी दुसरा. तिसऱ्या आलेल्या ग्रीक स्पर्धकाचे गुण होते २०५. दोघांनी आधीच ठरवले होते, की पहिली स्पर्धा जो जिंकेल त्याने पुढच्या स्पर्धेतून बाजूला व्हावे. त्याप्रमाणे जॉन थांबला आणि तीस मीटरवरची स्पर्धा समनरने जिंकली. आणखी एका स्पर्धेत, जलद नेमबाजीत, मात्र दोघांनाही उभे राहू दिले गेले नाही. त्यांची हत्यारे नेहमीच्या मापाची नाहीत, असे कारण देण्यात आले.

खेळांच्या इतिहासात या निर्णयाची नोंद एखाद्या तळटीपेपुरतीच होते. आमच्या मते मात्र रिव्हॉल्व्हरच्या क्रीडा-इतिहासातला मूळ प्रश्न येथेच प्रथम उभा राहिला. धावपटूचे पाय त्याचे स्वतःचे असतात. नेमबाजाचे गुण मात्र हात आणि हत्यार या दोघांनी मिळून कमावलेले असतात. मग हात कोठे संपतो आणि हत्यार कोठे सुरू होते? या प्रश्नाला निसर्गतः उत्तर नाही. ते नियमानेच द्यावे लागते, आणि नियम प्रत्येक पिढीत नव्याने लिहिला जातो. स्पर्धेसाठी रिव्हॉल्व्हर निवडणे आणि ते आपल्या हाताला बेतून घेणे, या वरवर निव्वळ तांत्रिक वाटणाऱ्या व्यवहाराचा इतिहास म्हणजे वस्तुतः ही रेघ कोणी, कोठे आणि का ओढली याचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तो काही टप्प्यांत पाहणार आहोत.

आधी यंत्राविषयी थोडेसे. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे. घोडा मागे आला की सिलिंडर एक घर फिरे, आणि मग चापाला हलकासा स्पर्श पुरे होई. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टसमोर रॉबर्ट अॅडम्स या इंग्रज कारागिराचे रिव्हॉल्व्हर होते. त्याच्या घोड्याला अंगठ्यासाठी पकडच नव्हती. चाप ओढला की सिलिंडर फिरणे, घोडा उठणे आणि पडणे ही तिन्ही कामे त्या एकाच ओढीत होत. पहिल्या रीतीत नेम स्थिर राहतो, पण वेळ जातो. दुसरीत वेळ वाचतो, पण लांब आणि जड ओढीत नेम हलतो. पुढे एकाच यंत्रात दोन्ही सोयी आल्या, तरी पेच संपला नाही, तो नेमबाजाच्या बोटात येऊन बसला. स्पर्धेतल्या रिव्हॉल्व्हरवर नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे जे संस्कार झाले, त्यांतले बहुतेक याच पेचातून निघाले आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खेळाचे केंद्र इंग्लंडमध्ये होते. तेथील राष्ट्रीय रायफल संघटनेने १८९० साली आपले मैदान विम्बल्डनहून सरे परगण्यातल्या बिस्ली या गावी नेले. त्या मैदानाचा दबदबा एवढा वाढला, की १८९४ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीने आपल्या १८७३ च्या प्रसिद्ध लष्करी रिव्हॉल्व्हरची स्पर्धेसाठी घडवलेली आवृत्ती ‘बिस्ली’ या नावानेच विकायला काढली. मूळ रिव्हॉल्व्हर घोडेस्वाराच्या हातासाठी होते. धक्का बसला की त्याची मूठ तळव्यात वर सरके. बिस्लीची मूठ चापामागे उंच चढवून वळवलेली होती, त्यामुळे हात एकाच जागी बसे. घोड्याची पकड खाली आणि रुंद केलेली होती, म्हणजे अंगठ्याला पकड न मोडता तेथवर पोचता यावे. चापही रुंद केला होता. खास नेमबाजीच्या प्रतीत माशी आणि मागची खाच दोन्ही बदलता येत. यंत्राचे तत्त्व तेच राहिले. फक्त जेथे जेथे यंत्र शरीराला भिडते, तेथे तेथे ते नव्याने घडवले गेले. बेतणी या शब्दाचा अर्थ इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

या बिस्लीच्या मैदानावर रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धा वर्षानुवर्षे गाजवणारा माणूस होता वॉल्टर विनन्स. जन्म सेंट पीटर्सबर्गचा, नागरिकत्व अमेरिकेचे, आयुष्य इंग्लंडमधले. १९०१ साली त्याने रिव्हॉल्व्हर नेमबाजीच्या कलेवर एक पुस्तक लिहिले. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने धावत्या हरणाच्या लक्ष्यावर रायफलने सुवर्णपदक मिळवले. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये कलांच्या स्पर्धा प्रथमच ठेवण्यात आल्या, तेव्हा शिल्पकलेचे सुवर्णपदकही त्यालाच मिळाले, एका घोड्याच्या ब्राँझ शिल्पासाठी. आणि त्याच ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत सांघिक रौप्य. साहित्याच्या अभ्यासकांना विनन्सचे आकर्षण वाटावे ते या दुहेरी पदकांमुळेच नव्हे. ज्या काळात हत्यार हाताळणे ही ‘कला’ आहे असे म्हणणे कोणालाही विसंगत वाटत नव्हते, त्या काळाचा तो प्रतिनिधी आहे. त्या वर्गाकडे सवड होती, पैसा होता, आणि हवा तसा कारागीर गाठण्याची ऐपतही. तेव्हाच्या बेतणीच्या इतिहासात वर्ग हा घटक गाळून चालणार नाही.

त्याच १९१२ च्या स्टॉकहोममध्ये निवडीचा दुसरा एक प्रसंग घडला. आधुनिक पेंटॅथलॉन ही पाच खेळांची स्पर्धा प्रथमच होत होती आणि अमेरिकेकडून जॉर्ज पॅटन हा तरुण लष्करी अधिकारी तीत उतरला होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात सेनापती म्हणून गाजला, तोच हा. बहुतेक स्पर्धकांनी बारीक .२२ मापाची हत्यारे निवडली असता पॅटनने .३८ मापाचे लष्करी रिव्हॉल्व्हर वापरले, असे सांगितले जाते. नेमबाजीत तो बराच खाली राहिला आणि एकूण स्पर्धेत पाचवा आला. त्याच्या काही गोळ्या लक्ष्याला लागल्याच नाहीत, असे पंचांनी धरले. त्याच्या बाजूचे म्हणणे असे, की मोठ्या गोळ्यांनी कागदाला एवढे मोठे भोक पाडले होते की नंतरच्या गोळ्या त्याच भोकातून गेल्या. खरे काय ते कागदाने सांगितले नाही आणि आता सांगणारही नाही. परंतु या वादातून एक गोष्ट दिसते. हत्यार निवडताना माणूस आपल्या कृतीचा पुरावा कसा उमटेल हेही निवडत असतो. लष्करी माणसाने लष्करी हत्यार निवडणे हा एक प्रकारचा प्रामाणिकपणा होता, आणि नियमात त्या प्रामाणिकपणाला वेगळे गुण नव्हते.

यानंतरचे महत्त्वाचे नाव मोंटाना राज्यातल्या लुइसटाउनच्या एड मॅकगिव्हर्नचे. विनन्सच्या अगदी उलट, हा पाट्या रंगवणारा माणूस. त्याला वेगाचे वेड होते, आणि त्याहून अधिक वेड होते वेग मोजण्याचे. विजेवर चालणारी घड्याळे लावून तो आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवी. २० ऑगस्ट १९३२ रोजी दक्षिण डकोटातल्या लेड येथे त्याने साध्या .३८ रिव्हॉल्व्हरने, प्रत्येक वेळी पूर्ण चाप ओढत, पाच गोळ्या ९/२० सेकंदात झाडल्या. पंधरा फुटांवरच्या लक्ष्यावर त्या पाचही एका नाण्याखाली झाकता येतील इतक्या जवळ बसल्या होत्या. १९३८ मध्ये त्याने आपले सारे प्रयोग पुस्तकरूपाने मांडले. लांब ओढीत नेम बिघडतोच, हा समज त्याने कारखान्याबाहेर, रोजच्या सरावाने खोडून काढला. हत्यारातला त्याचा आग्रह मुख्यतः माशीविषयी होता. अंधूक उजेडातही डोळ्याला चटकन सापडेल असा सोन्याचा मणी बसवलेली माशी त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. बोटाने काय करायचे ते बोटाला शिकवावे, यंत्राने फक्त डोळ्याला मदत करावी, अशी ही रेघ होती. आम्हांला ती या इतिहासातली सर्वांत सोज्ज्वळ रेघ वाटते.

ती टिकली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पोलिसांच्या सरावाच्या धड्यांतून एक नवी स्पर्धा वाढली. दीडशे गोळ्या, पंधराशे गुण, आणि सात यार्डांपासून पन्नास यार्डांपर्यंतची अंतरे. उद्देश असा, की शिपायाने कमरेचे हत्यार नीट चालवायला शिकावे. परंतु स्पर्धा म्हटली की बेतणी आलीच. नळी जाड आणि जड झाली, म्हणजे धक्क्याने तोंड उचलू नये. नळीवर लांब पट्टी बसली आणि तीवरचा नेम अंतर बदलेल तसा एका खटक्यात बदलू लागला. सारी नेमबाजी पूर्ण चाप ओढूनच करायची असल्याने घोड्याची अंगठ्याची पकड निरुपयोगी ठरली आणि ती कापून टाकण्यात आली. अॅडम्सने १८५१ मध्ये जे केले होते, तेथेच कारागीर शंभरावर वर्षांनी वळसा घेऊन पोचले! काहींनी तर कोल्टच्या ‘पायथन’ची, १९५५ पासून निघणाऱ्या नामांकित रिव्हॉल्व्हरची, नळी काढून ती स्मिथ अँड वेसनच्या सांगाड्यावर चढवली. एकाची नळी नावाजलेली, दुसऱ्याचा चाप मऊ. या संकराला दोन्ही नावे जोडून ‘स्मायथन’ असे विनोदी नावही मिळाले.

या काळात बेतणीचे एक तत्त्व स्पष्ट झाले. एका ठिकाणचा बदल तेवढ्यावर कधीच थांबत नाही. चाप हलका हवा म्हणून आतली स्प्रिंग सौम्य केली, की घोड्याचा आघातही सौम्य होतो आणि काडतुसाची टोपी पेटेनाशी होते. मग मऊ टोपीची काडतुसे शोधावी लागतात. म्हणजे चापावर केलेली दुरुस्ती दारूगोळ्याच्या निवडीला बांधून टाकते. जुन्या पोथीत एक अक्षर सुधारले की पुढच्या ओळीचे वृत्त ढळते, हा अनुभव पाठचिकित्सा करणाऱ्यांना नवा नाही. शेवटी गंमत अशी झाली, की पोलिसाच्या हत्याराची स्पर्धा जिंकणारे रिव्हॉल्व्हर कोणताही पोलीस कमरेला लावू शकेना. त्यामुळे साध्या, कारखान्यातून आलेल्या रिव्हॉल्व्हरांसाठी निराळ्या स्पर्धा ठेवाव्या लागल्या. रेघ पुसली गेली म्हणून दुसरी ओढली गेली.

१९८० आणि १९९० च्या दशकांत अमेरिकन पोलिसांनी रिव्हॉल्व्हर सोडून स्वयंभरण पिस्तुले घेतली. ज्या हत्याराची रोजच्या कामात गरज उरली नाही, त्याचा खेळही संपायला हवा होता. झाले उलट. १९९१ साली केवळ रिव्हॉल्व्हरवाल्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, आणि पिस्तुलांच्या व्यावहारिक नेमबाजीतही रिव्हॉल्व्हरचा स्वतंत्र विभाग राहिला. उपयोग सरल्यावर उरते ते रूप. नाट्यपदाने रंगभूमी सोडली तरी मैफल सोडली नाही, तसाच काहीसा हा प्रकार आहे. आता सहा घरांची मर्यादा ही उणीव न राहता खेळाचा आशय झाली. पिस्तूलवाला पंधरा-वीस गोळ्या सलग झाडतो. रिव्हॉल्व्हरवाल्याला सहाव्या गोळीनंतर यती घ्यावाच लागतो, आणि हा यती कोण किती सहज सांभाळतो यावर निकाल ठरतो.

म्हणून या काळातली निवड आणि बेतणी पुन्हा भरण्याच्या क्रियेभोवती फिरते. सिलिंडरच्या घरांची तोंडे किंचित तिरकी घासली जातात, म्हणजे काडतुसे न अडखळता आत जावीत. सहाही काडतुसे एकत्र धरणारी पातळ पोलादी चकती तर या खेळाचे प्राणतत्त्वच बनली. तिचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. १९१७ साली अमेरिकन सैन्याला पिस्तुले कमी पडली, तेव्हा पिस्तुलाची कडा नसलेली .४५ काडतुसे रिव्हॉल्व्हरमध्ये वापरता यावीत म्हणून तीन-तीन काडतुसांच्या अर्धचंद्राकृती पट्ट्या काढण्यात आल्या. टंचाईतून निघालेली ती तडजोड पुढे पूर्णचंद्र होऊन स्पर्धकांच्या कमरेला लागली. ११ सप्टेंबर १९९९ रोजी जेरी मिक्युलेक या नेमबाजाने अशाच चकतीवर चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरने सहा गोळ्या झाडून, पुन्हा भरून, आणखी सहा झाडल्या. एकूण वेळ २.९९ सेकंद.

पण सहा हा आकडाही पवित्र नव्हता. २०१४ साली अमेरिकेतल्या संघटनेने रिव्हॉल्व्हर विभागात आठ घरांच्या हत्यारांनाही परवानगी दिली. त्यांच्या गोळ्यांना मात्र कमी ताकदीच्या गटाचे गुण ठेवले. वर्षानुवर्षे खर्चून हाताला बेतलेली सहा घरांची .४५ मापाची रिव्हॉल्व्हरे एका नियमाने मागे पडली. दोन जादा गोळ्यांनी यतीची जागाच बदलली होती. ज्यांनी आपले कौशल्य त्या जुन्या यतीवर घडवले होते, त्यांच्या दृष्टीने हा निव्वळ तांत्रिक फेरफार नव्हता.

येथवर रेघ ओढणारे सारे खेळातलेच होते. इंग्लंडमध्ये ती खेळाबाहेरून ओढली गेली. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील प्राथमिक शाळेत एका माणसाने सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका यांना ठार केले आणि नंतर स्वतःला संपवले. त्याच्याजवळ चार हातबंदुका होत्या, त्यांपैकी दोन रिव्हॉल्व्हरे. आणि त्या त्याने परवान्यावर, नेमबाजीचा हौशी खेळाडू म्हणून बाळगल्या होत्या. ‘स्नोड्रॉप’ या मार्चमध्ये फुलणाऱ्या फुलाच्या नावाने निघालेल्या अर्जावर सुमारे सात लाख लोकांनी सह्या केल्या. चौकशी करणाऱ्या लॉर्ड कलन यांनी सुचवले होते त्यापलीकडे सरकार गेले. १९९७ मधल्या दोन कायद्यांनी ग्रेट ब्रिटनमध्ये, आधी मोठ्या मापाच्या आणि मग .२२ मापाच्याही, जवळजवळ सर्व हातबंदुका खासगी मालकीतून काढून घेतल्या. ज्या देशातल्या मैदानाचे नाव अमेरिकन रिव्हॉल्व्हरने मिरवले होते, त्या देशातून ते रिव्हॉल्व्हर खेळाचे साधन म्हणून बाद झाले.

कायद्याने हातबंदुकीची व्याख्या मापात केली होती. नळी तीस सेंटिमीटरहून आखूड, किंवा एकूण लांबी साठ सेंटिमीटरहून कमी असेल तर बंदी. तेव्हा ब्रिटिश कारागिरांनी तीस सेंटिमीटरहून लांब नळीची आणि मुठीमागे एक लांब दांडा जोडलेली रिव्हॉल्व्हरे घडवली. त्या दांड्याने लांबी भरते आणि नळीच्या वजनाला तोलही मिळतो. हे रिव्हॉल्व्हर आम्हांला या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वस्तू वाटते. बिस्ली कोल्टचे प्रत्येक वळण हातासाठी होते. या दांड्याचे पहिले कारण कायद्यातला आकडा आहे. काहींना ती पळवाट वाटते, काहींना निष्ठा. दोन्ही वाचने शक्य आहेत.

या बंदीचे पडसाद आपल्याही परिचयाच्या नावांपर्यंत येतात. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धांतली नेमबाजी बिस्लीलाच झाली. अंजली भागवत यांनी रायफलमधली आपली चार सुवर्णपदके तेथेच मिळवली. त्याच मैदानावर पिस्तुलाच्या स्पर्धा भरवण्यासाठी मात्र सरकारला खास सूट द्यावी लागली होती. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबत पंचवीस मीटर पिस्तुलासाठी उभ्या राहिल्या, तेव्हाही तशीच सूट होती. कोल्हापूरहून आलेली खेळाडू लंडनमध्ये जे हत्यार हाती धरू शकत होती, ते लंडनच्या सर्वसाधारण नेमबाजाला घरी ठेवता येत नव्हते. आणखी एक धागा सांगण्याजोगा आहे. जसपाल राणा यांनी १९९४ मध्ये हिरोशिमाला आणि २००६ मध्ये दोह्याला ज्या सेंटरफायर प्रकारात आशियाई सुवर्ण मिळवले, त्या प्रकारातली आधुनिक पिस्तुले बहुतांशी .३२ मापाचे जे काडतूस वापरतात, ते मुळात १८९६ च्या रिव्हॉल्व्हरसाठी निघाले होते. अथेन्सचेच वर्ष. हत्यार मागे पडले, पण त्याचे काडतूस दुसऱ्याच्या मुखातून बोलत राहिले.

डनब्लेननंतर निरपराध नेमबाजांनी व्यक्त केलेली खंत आम्ही खोटी मानत नाही. आयुष्यभर जपलेले, हाताला बेतलेले साधन सरकारजमा करताना माणसाला काय वाटत असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. परंतु या इतिहासाचा आमच्यापुरता निष्कर्ष असा, की साधनाची निवड ही खेळाडूची एकट्याची कधीच नव्हती. अथेन्सच्या पंचांनी माप ठरवले, स्टॉकहोमच्या पंचांनी भोके मोजली, संघटनांनी घरांची संख्या ठरवली. डनब्लेनच्या पालकांनीही तेच केले. फरक एवढाच, की त्यांच्या मागणीमागे गुणतक्ता नव्हता, सोळा रिकाम्या खुर्च्या होत्या. मर्यादेमुळे खेळाला अर्थ येतो असे जर आपण सहा घरांविषयी म्हणत असू, तर त्या मर्यादेच्या बाहेर राहणाऱ्यांनी ओढलेली रेघही आपल्याला त्याच गांभीर्याने वाचावी लागेल.